प्रकल्प नोंदी: आत्याचं क्रेडिट कार्ड बंद करणे

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

काम: आत्याचं क्रेडिट कार्ड कायमचं बंद करणे आणि त्यावर लागलेल्या शुल्कांतलं जे चुकीचं असेल ते परत मिळवणे. बँकेशी वाद घालताना शेवटी तारखाच कामी येतात, आणि महिन्याभराने कोण कधी काय म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून ही वही. पुणे-नाशिककडच्या भावंडांनाही ती वाचता येईल, म्हणजे रोज संध्याकाळी फोनवर तेच तेच सांगायला नको.

पार्श्वभूमी. आत्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, मुक्काम मुलुंड पूर्व. गेल्या वर्षी सप्टेंबरात मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला शाखेत गेली, तेव्हा समोरच्या मुलाने ठेवीच्या कागदांबरोबर कार्डाच्या अर्जावरही सही घेतली. ‘आयुष्यभर फुकट आहे मॅडम, पडून राहू द्या.’ कार्ड आलं, आत्याने ते सुरू केलं, दादरला साडीच्या दुकानात एकदा वापरलं, पैसे वेळेवर भरले आणि कपाटात ठेवून दिलं. बँकेचं नाव इथे लिहीत नाही. बचत खातं आणि पेन्शन त्याच बँकेत आहे, एवढं पुरे.

आज स्टेटमेंट उघडून पाहिली. १२ ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर वार्षिक शुल्क ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १७९.८२. त्याखाली ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन’ (कार्ड हरवलं किंवा त्याचा गैरवापर झाला तर संरक्षण म्हणून वेगळी विकली जाणारी योजना) १,४९९ रुपये, जीएसटी २६९.८२. एकूण २,९४७.६४. भरायची शेवटची तारीख १ नोव्हेंबर, म्हणजे नेमकं लक्ष्मीपूजन. आत्याला एसएमएस आले होते. तिने ते जाहिराती समजून पुसले, आणि दिवसभरात येणाऱ्या एसएमएसची संख्या पाहता तिला दोष देता येत नाही. १२ नोव्हेंबरच्या स्टेटमेंटवर भर पडली: विलंब शुल्क ५०० अधिक जीएसटी ९०, व्याज १०५.१५ अधिक जीएसटी १८.९३. आजची थकबाकी ३,६६१.७२. साडीनंतर तिने त्या कार्डावर एक रुपयाचीही खरेदी केलेली नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

दुपार नियम वाचण्यात गेली. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश २१ एप्रिल २०२२ रोजी निघाले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले. इंग्रजी कोरडं आहे, पण अवघड नाही. आपल्या कामाचं त्यात बरंच आहे.

कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, थकबाकी नसेल तर, बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं. न केल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. इथे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवारही धरायचा. विनंती हेल्पलाइन, ईमेल, नेटबँकिंग, ॲप अशा कोणत्याही वाटेने करता आली पाहिजे. ‘पत्र पोस्टानेच पाठवा’ असा आग्रह बँकेला धरता येत नाही. कार्डाबरोबर विकलेल्या इतर उत्पादनांना ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, गृहीत धरलेली चालत नाही. बिलावर हरकत घेतली तर तीस दिवसांत स्पष्टीकरण आणि जिथे लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावायचं नाही.

हे शेवटचं वाचून मी उठून चहा टाकला. आत्याच्या खात्यात खरेदीची बाकी नाहीच, आहेत ती फक्त शुल्कं आणि कर. म्हणजे १०५.१५ रुपयांच्या व्याजाला पायाच नाही.

मग रकमांची वाटणी केली. प्रोटेक्शन प्लॅन आणि त्यावरचा कर, १,७६८.८२: पूर्ण भांडायचं. व्याज आणि त्यावरचा कर, १२४.०८: पूर्ण भांडायचं. विलंब शुल्क ५९०: मागून बघायचं, पण बाजू लंगडी आहे. या बँकेच्या दरपत्रकात ५०१ ते ५,००० रुपये थकबाकीला सरसकट ५०० आहेत. प्लॅन वगळला तरी वार्षिक शुल्क थकलेलंच होतं, आणि ठरल्या तारखेनंतर तीन दिवसांची सूटही उलटून गेली होती. वार्षिक शुल्क १,१७८.८२: आधी सही केलेला अर्ज मागवायचा. ‘फुकट’ हे तोंडी होतं, अर्जात काय छापलंय ते पाहिल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

नाशिकच्या भावाने कळवलं की न मागता कार्ड दिलं तर आकारलेल्या रकमेच्या दुप्पट दंड मिळतो, तोही मागू. नियम खरा आहे. पण तो संमतीशिवाय दिलेल्या किंवा वरच्या दर्जाच्या केलेल्या कार्डासाठी आहे. आत्याने सही केली, कार्ड सुरू केलं, साडी घेतली. जो नियम लागत नाही तो तक्रारीत घातला की समोरचा त्याच मुद्द्याचं उत्तर देतो आणि बाकीचे गिळून टाकतो. घालणार नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

हेल्पलाइन. नंबर कार्डाच्या पाठीवरचा घेतला. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरांवर भामटे बसलेले असतात. आत्या बोलली, मी शेजारी.

‘बंद करायचंय’ म्हटल्यावर फोन दुसऱ्या विभागाकडे गेला, जिथे ग्राहक थोपवून धरणं हेच काम असतं. मुलगी गोड बोलणारी. ‘मॅम, तुमच्यासाठी वार्षिक शुल्क माफ करते, फक्त साठ दिवसांत पाच हजारांची खरेदी करा.’ आत्या विरघळायला लागली. ‘नाहीतरी मिक्सर घ्यायचाच आहे गं,’ असं रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली. मी मान हलवली. हजार रुपयांच्या माफीसाठी पाच हजारांचा खर्च, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हेच. शिवाय प्लॅनबद्दल ती मुलगी अवाक्षर बोलली नव्हती.

शेवटी आत्याने वर्गातला आवाज काढला: ‘बाळा, मला कार्ड नको आहे. विनंतीचा क्रमांक दे.’ क्रमांक मिळाला नाही. ‘सिस्टम डाउन आहे, उद्या कॉल येईल.’ फोनवरची विनंती कायद्याने चालते, पण क्रमांकाशिवाय ती केली हे दाखवणार कसं? उद्यापासून सगळं लेखी.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आजचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता: वादातले पैसे आधी भरायचे की अडवून धरायचे?

पुण्याची ताई म्हणते भरू नका, एकदा गेले की परत येत नाहीत. तत्त्व म्हणून पटतं. पण सात दिवसांचं घड्याळ थकबाकी शून्य झाल्यावरच सुरू होतं. अडवून धरलं तर बँक म्हणणार, आधी बाकी भरा. तोवर पुढचं विलंब शुल्क चढणार आणि महिनाअखेरची थकबाकी क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीच्या नोंदीत, जाणार. आत्याला कर्ज घ्यायचं नाही, पण तिच्या नावापुढे थकबाकीदार लागलेलं मला बघवणार नाही. सव्वाचार वर्षांपूर्वी मुलाच्या गृहकर्जाला ती सहकर्जदारही झालेली आहे, म्हणजे तिचा अहवाल तिच्या एकटीचा नाही.

ठरवलं: हरकत नोंदवून भरायचं. आधी ईमेल, मग पैसे, याच क्रमाने.

पैसे भरण्याआधी ॲपच्या चॅटमध्ये विचारलं, ‘आजच्या तारखेला खातं पूर्ण शून्य करायला नेमकी किती रक्कम लागेल, स्टेटमेंटमध्ये न आलेलं काही धरून?’ स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात शेपटासारखं येतं, आणि त्या वीस-तीस रुपयांच्या बाकीवर बंद करण्याची विनंती नाकारली जाते. उत्तर आलं: ३,६६१.७२, बिलात न आलेलं शून्य. त्याचा स्क्रीनशॉट ठेवला.

दोन वेगवेगळे ईमेल, आत्याच्या नोंदणीकृत पत्त्यावरून. एकाच ईमेलमध्ये दोन्ही मागण्या लिहिल्या की बँक एकीचं उत्तर देऊन तक्रार मिटली म्हणून टाकते.

पहिला, तक्रारीचा. आशय असा: ‘१२ ऑक्टोबर व १२ नोव्हेंबर २०२४ च्या स्टेटमेंटमधील पुढील रकमा मला मान्य नाहीत. प्रोटेक्शन प्लॅनला मी संमती दिलेली नाही, दिली असे आपले म्हणणे असल्यास लेखी, डिजिटल किंवा ध्वनिमुद्रित पुरावा पाठवावा. व्याज केवळ शुल्क व करांवर लावले आहे, ते निर्देशांविरुद्ध आहे. विलंब शुल्क व वार्षिक शुल्क यांचा आधार आणि माझ्या सहीचा मूळ अर्ज पाठवावा. खाते बंद करता यावे म्हणून आज पूर्ण थकबाकी हरकत राखून भरत आहे. रक्कम भरली याचा अर्थ ती मान्य केली असा होत नाही.’

मग नेटबँकिंगने पैसे भरले. लगेच जमा.

दुसरा ईमेल, बंद करण्याचा. चार ओळी. कार्डाचे शेवटचे चार आकडे, थकबाकी शून्य असल्याचा स्क्रीनशॉट, ‘कार्ड तात्पुरते ब्लॉक करू नये, खाते कायमचे बंद करावे’, आणि बंद झाल्याचं लेखी पत्र हवं. ब्लॉक आणि बंद यांतला फरक मुद्दाम लिहिला. ब्लॉक केल्यावर नवं कार्ड घरपोच येतं आणि शुल्काचं खातं तसंच चालू राहतं.

दोन्ही ईमेलना स्वयंचलित उत्तर आलं. दोन वेगळे क्रमांक. ते वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. बँका बंद. आजचा दिवस मोजायचा नाही. आत्याने सकाळी सातलाच बोटाला शाई लावून फोटो पाठवला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मोजणीचा पहिला दिवस. २३ चौथा शनिवार, सुट्टी. म्हणजे सातवा कामाचा दिवस शुक्रवार, २९.

आत्या परस्पर शाखेत जाऊन आली. तिथल्या मुलाचं म्हणणं, ‘कात्रीने कापून टाका, झालं.’ कापावं जरूर, पण कापल्याने खातं बंद होत नाही. प्लॅस्टिकचे तुकडे आत्याच्या कचऱ्यात आणि वार्षिक शुल्क बँकेच्या संगणकात. कार्ड हातात नसलं तर ॲपमधले काही टप्पेही अडतात, तेव्हा बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत कापायचं नाही, असं सांगितलं.

रिवॉर्ड पॉइंट पाहिले. साडीचे मिळालेले किरकोळ, वापरण्याइतके नाहीत. कार्डाला जोडलेले मासिक हप्ते, ॲपची वर्गणी, फास्टॅग काही नाही. ज्यांचं असेल त्यांनी हे आधी दुसरीकडे हलवावं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

संध्याकाळी आत्याला फोन. ‘तुमचं क्रेडिट कार्ड बंद करायचंय ना, ओटीपी आलाय तो सांगा.’ मोबाइलवरचा साधा दहा आकडी नंबर. आत्याने ओटीपी सांगितला नाही, फोन ठेवला आणि मला कळवलं. एसएमएस पाहिला तर तो एका ऑनलाइन खरेदीच्या व्यवहाराचा होता. आपण विनंती केल्यानंतर आठवड्याच्या आत हा फोन आला, हा योगायोग की आतून माहिती फुटली, ते सांगता येणार नाही. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार ॲपमधून लगेच बंद केले. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा असतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज बँकेचा खरा फोन. ‘पडताळणी’. ओटीपी मागितला नाही. पुन्हा थोपवण्याचा प्रयत्न झाला, या वेळी बिनशर्त शुल्कमाफीचा. आत्या: ‘नको.’ एवढंच. हळूहळू तिला मजा येऊ लागली आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सातवा दिवस संपला. मेसेज नाही. ॲपमध्ये कार्ड जसंच्या तसं.

सोमवार, २ डिसेंबर

प्रधान नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे बँकेतल्या तक्रारींच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, ईमेल. नाव-पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असतो, तक्रार निवारणाच्या पानावर बराच खाली. एकच परिच्छेद: विनंती १९ तारखेची, क्रमांक अमुक, थकबाकी शून्य, सात कामाचे दिवस २९ ला संपले, ३० पासून रोजचे ५०० रुपये लागू झाले आहेत. राग, विशेषणं, ‘ज्येष्ठ नागरिकाची पिळवणूक’ वगैरे काही नाही. आत्याने मसुदा वाचून ‘फारच मवाळ आहे’ असा शेरा मारला. माझा अनुभव असा की रागाचा ईमेल वाचणारा त्यातल्या रागाला उत्तर देतो, आणि आकड्यांना उत्तर द्यायला आकडेच लागतात.

सोमवार, ९ डिसेंबर

एसएमएस: ‘आपल्या विनंतीनुसार क्रेडिट कार्ड खाते बंद करण्यात आले आहे.’ ईमेलने पत्रही. कार्ड कापलं, चिप आणि चुंबकीय पट्टी दोन्हीतून कात्री चालवून.

३० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर, उशीर नऊ दिवस. ४,५०० रुपये. बंद केलेला दिवस धरला तर दहा होतात, पण त्या एका दिवसासाठी वाद घालणार नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

तक्रारीला उत्तर. सोबत आत्याच्या सहीचा अर्ज स्कॅन करून. चौथ्या पानावर बारीक अक्षरात: पहिलं वर्ष निःशुल्क, दुसऱ्या वर्षापासून ९९९ अधिक कर, वर्षभरात एक लाखाची खरेदी केल्यास माफ. खाली आत्याची सुरेख शिक्षकी सही. वार्षिक शुल्काचा विषय इथे संपला. तो शाखेतला मुलगा काय बोलला त्याला साक्षीदार नाही, आणि तो आता त्या शाखेतही नाही.

प्लॅनबद्दल: ‘ग्राहकाने दूरध्वनीवरून संमती दिली आहे.’ रेकॉर्डिंग? जोडलेलं नाही. फोनची तारीख? दिलेली नाही. व्याजाबद्दल: ‘अटी व शर्तींनुसार’. उशिराच्या भरपाईबद्दल: पडताळणी २६ नोव्हेंबरला पूर्ण झाली, त्यामुळे विनंती त्या दिवसापासून धरली जाईल.

हा शेवटचा युक्तिवाद मला फार आवडला. पडताळणीचा फोन कधी करायचा ते बँक ठरवणार आणि घड्याळ त्या फोनपासून चालणार, मग फोन संक्रांतीला केला तरी चाललं असतं. निर्देशांत घड्याळ विनंतीपासून आहे. गंमत म्हणून त्यांच्याच हिशोबाने मोजून पाहिलं. २७, २८, २९, मग शनिवार ३० (पाचवा शनिवार, बँकेला कामाचा), २, ३, ४ डिसेंबर. म्हणजे त्यांच्या मोजणीनेही ते ५ तारखेपासून उशिरातच होते. आपल्याच उत्तराने चार दिवस कबूल करून बसलेत.

दोन ओळींचं प्रत्युत्तर: रेकॉर्डिंग पाठवा, आणि फोनची तारीख-वेळ कळवा.

शुक्रवार, २० डिसेंबर

तीस दिवस काल पूर्ण झाले. रेकॉर्डिंग नाही.

योगायोगाने आजच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो आदेश रद्द झाला. भावंडांच्या ग्रुपवर एकदम काळजी: आता आपलं व्याज परत मिळणार नाही का? आपल्याला काही फरक पडत नाही. आपण दर जास्त आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, हा दर घेण्याची त्यांना मुभा असली तरी तो कशावर लावायचा हा प्रश्न वेगळा. शुल्कावर आणि जीएसटीवर नाही, एवढंच आपलं म्हणणं.

शनिवार, २१ डिसेंबर

रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल. ही योजना नोव्हेंबर २०२१ पासून आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग तीस दिवस उत्तर नाही किंवा उत्तर समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जायचं. फी नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८ हा नंबर.

आत्याची तयारी भायखळ्याला जायची होती. मुंबई सेंट्रल स्टेशनासमोरच्या रिझर्व्ह बँकेच्या त्या इमारतीत तिची मैत्रीण जुन्या योजनेच्या काळात एकदा अर्ज देऊन आली होती. आता कुठल्या शहराचं कार्यालय हा प्रश्नच उरलेला नाही. तक्रार पोर्टलवर टाकायची, कागदावर द्यायची तर पत्र चंदीगडच्या केंद्राला जातं. आत्या थोडी हिरमुसली. साडी कोणती नेसायची तेही ठरलं होतं.

फॉर्मात ‘हे प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे का’ वगैरे प्रश्न सावकाश वाचून भरावे लागतात, एक चुकीचा पर्याय निवडला की तक्रार तांत्रिक कारणावर फेटाळली जाऊ शकते. मागणी अशी लिहिली: प्लॅन करासह १,७६८.८२, व्याज करासह १२४.०८, बंद करण्यातल्या उशिराचे ४,५००. एकूण ६,३९२.९०. विलंब शुल्क काढून टाकलं. ते मागायचं की नाही यावर ताईशी बराच वेळ बोलणं झालं. मानसिक त्रासाची भरपाईही योजनेत मागता येते, तीही मागितली नाही. आत्याला त्रास झाला असं तिच्याकडे बघून म्हणवत नाही.

आणखी एक काम: एका क्रेडिट माहिती कंपनीकडून आत्याचा या वर्षीचा अहवाल काढला. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, आणि हे वर्ष कॅलेंडरचं. म्हणजे डिसेंबरात एक आणि नवीन वर्षात पुन्हा एक. आजच्या अहवालात खातं अजून चालू दिसतंय, पण ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही महिन्यांपुढे शून्य दिवस थकबाकी. महिना संपायच्या आत भरल्याचा फायदा.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

पोर्टलवर स्थिती बदलली. तक्रार बँकेकडे म्हणणं मांडायला गेली.

शुक्रवार, १० जानेवारी

बँकेच्या नोडल कक्षातून फोन. या आवाजाला ‘सिस्टम डाउन’ माहीतच नव्हतं. त्यांना रेकॉर्डिंग ‘उपलब्ध होऊ शकलेलं नाही’. प्रस्ताव: प्लॅनचे १,४९९ परत, व्याज १०५.१५ परत, उशिराचे २,०००. जीएसटी मात्र ‘सरकारकडे जमा झाला असल्याने’ परत देता येणार नाही. तक्रार मागे घेतल्याचं पत्र दिलंत तर आजच जमा करतो.

इथे माझी नोकरी उपयोगी पडली. विक्रोळीच्या ऑफिसात मी दिवसभर हिशोबच बघते. सेवा रद्द झाली किंवा रक्कम जास्त आकारली गेली तर विक्रेत्याने क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) काढायची आणि आपल्या पुढच्या विवरणपत्रात कर कमी करून घ्यायचा, ही सोय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्येच आहे. मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. व्यवहार याच आर्थिक वर्षातला. तेव्हा कर सरकारकडे गेला हे खरं असलं तरी त्यामुळे बँकेचे हात बांधले जात नाहीत. बहुतेक लोक हे उत्तर ऐकून गप्प बसतात, कारण समोर सरकारचं नाव येतं.

फोनवर काहीच कबूल केलं नाही. ‘ईमेलने पाठवा’ एवढंच म्हटलं. पाठवला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आत्याकडे तिळगूळ खाऊन तिथेच बसून उत्तर लिहिलं. कर परत करण्याबाबत कलम ३४. उशिराबाबत निर्देशांतलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्यांच्याच १२ डिसेंबरच्या पत्रातला १९ नोव्हेंबरच्या विनंतीचा उल्लेख. तक्रार मागे घेण्याबाबत: पैसे खात्यात आल्यावर पोर्टलवर तसं नोंदवू, आधी नाही.

आत्याने एक वाक्य घालायला लावलं: ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ राहू दिलं.

बुधवार, २२ जानेवारी

आत्याच्या बचत खात्यात दोन रकमा. १,८९२.९० आणि ४,५००. कार्डाचं खातं बंद असल्याने परतावा थेट बचत खात्यात आला, तसाच यायला हवा होता. पासबुक भरून आणलं. वार्षिक शुल्क आणि विलंब शुल्क मिळून १,७६८.८२ बँकेकडेच राहिले. गंमत म्हणजे ही रक्कम प्लॅनच्या पैशांइतकीच भरते. ताईला वाटलं चुकून तीच रक्कम दोनदा लिहिली, म्हणून फोड: १,१७८.८२ अधिक ५९०.

पोर्टलवर ‘समाधान झाले’ अशी नोंद केली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नवीन वर्षातला फुकट अहवाल काढला. १ जानेवारीपासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला द्यावी लागते, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. कार्डाच्या नोंदीपुढे ‘बंद’, तारीख ९ डिसेंबर २०२४, शिल्लक शून्य. अजून चालू दिसलं असतं तर त्याच कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा होता. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम गेल्या एप्रिलपासून लागू आहे. तशी वेळ आली नाही.

सगळे ईमेल, स्क्रीनशॉट, बंद झाल्याचं पत्र आणि दोन्ही अहवाल एका फोल्डरमध्ये टाकून भावंडांना पाठवले. नाशिकच्या भावाचं कार्ड त्याच बँकेचं निघालं, त्याच्या ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर तोच १,४९९ चा प्लॅन आहे. तीस दिवस कधीचे होऊन गेलेत, पण ती मुदत बँकेने उत्तर द्यायची आहे, ग्राहकाने तक्रार करायची नाही. त्याला १९ नोव्हेंबरचा मसुदा पाठवला आहे. नाव आणि शेवटचे चार आकडे बदलून घे म्हटलं.